बँकॉकला गेलेला मुराळी

देगलूरहून बँकॉक किती लांब, हे सध्या मला रोज कुणीतरी विचारतं. केस कापायच्या दुकानात विचारतात, गिरणीत दळण टाकताना विचारतात. मी आधी चहा सांगायला लावतो, कारण उत्तर एका दमात संपत नाही. सरळ रेषेत मोजलं तर हैदराबाद ते बँकॉक अंदाजे चोवीसशे किलोमीटर. विमान ते साडेतीन तासांच्या आसपास तोडतं. देगलूर ते हैदराबादचं विमानतळ दोनशेच्या थोडं वर, आणि तिथं पोचायला गाडीनं पाच तास. म्हणजे समुद्र ओलांडायला लागतो त्याहून जास्त वेळ मदनूर, पिटलम, संगारेड्डी ओलांडायला लागतो.

एवढंच असतं तर मी कागद काळे केले नसते. पण याच आकड्यावर माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार की नाही हे अडलं होतं, आणि आकडा मीच चुकवून ठेवला होता.

माझी ओळख सांगतो. बत्तीस वर्षं मी बसस्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी सुटली की वेळ लिहायची, पोचली की लिहायची, मोठ्यातून लहान वजा करायचं. माझ्या सहीशिवाय देगलूरच्या स्टँडवरून चिमणी उडत नव्हती. रिटायर झालो तरी सवय गेली नाही. खिशात वही असते. पाहुण्याच्या लग्नाला उमरीला गेलो तरी सुटल्याची आणि पोचल्याची वेळ लिहिल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

लेक प्रज्ञा. जावई अमोलराव उदगीरचे, बँकॉकमध्ये एका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. लेकीला सातवा लागला आणि आमच्या घरात चर्चा सुरू झाली की मुराळी कोण जाणार. सासरहून लेकीला आणायला माहेरचा जो माणूस जातो तो मुराळी. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा पंचांग घराबाहेर गेलं ते पुन्हा आत आलं नाही, पण मुराळ्याची रीत कुणी बाहेर टाकली नाही. मुहूर्त आम्ही बघत नाही. विमान कंपनी मात्र बघते. कितवा आठवडा, डॉक्टरची चिठ्ठी आहे का, सगळं विचारते. आमचे वडील आत्याला आणायला हदगावला बैलगाडीनं गेले होते. मी पासपोर्ट काढला.

पहिला दिवस: वर चढताना

बायकोनं बांधून दिलेल्या सामानाची यादी अशी: डिंकाचे लाडू, कारळाची चटणी, धपाटे, आणि पाच किलो ज्वारीचं पीठ, पाच वेगवेगळ्या पिशव्यांत.

"एकाच पिशवीत का न्हाई?" मी विचारलं.

"एक फुटली तर चार ऱ्हातेत," ती म्हणाली. "आन् हे बघा, रिकाम्या हातानं येऊ नका. पोरगी घेऊन या. इहीणबाई काय बी म्हणल्या तरी तोंड उघडू नका. तोंड उघडलं की तुमचं काम बिघडतं."

विमान सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सुटलं. मी नोंद केली. त्यानंतर खाली बंगालचा उपसागर लागला. तो किती मोठा म्हणाल? मी एक डुलकी काढली, उठलो, शेजाऱ्याला माझ्या नोकरीतल्या तीन बदल्यांची हकीकत सांगितली, तो झोपला, उठला, तरी खाली तोच निळा पट्टा. मला वाटलं विमान जागेवर उभं आहे, एसटीच्या स्प्रिंगचा तुटतो तसा पाटा तुटला असणार. हवाई सुंदरीला विचारलं, "बाई, गाडी चालू हाय ना?" तिनं मला आणखी एक पाण्याची बाटली दिली.

उतरलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन पंचावन्न. तेच लिहिलं आणि मोठ्यातून लहान वजा केलं. चार तास पन्नास मिनिटं. वरची दहा मिनिटं माणुसकीनं वाढवली. पाच तास.

सामान तपासणाऱ्या साहेबानं पांढऱ्या पिठाच्या पाच पिशव्या एका ओळीत मांडल्या आणि माझ्याकडं बघितलं. इंग्रजी त्याचं आणि माझं सारखंच. मी बॅग बाजूला सारली, दोन्ही तळहात समोर धरले आणि हवेत भाकरी थापली. थापली, फिरवली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मागच्या रांगेत लोक थांबून बघायला लागले. साहेबानं स्वतःचे हात वर केले, त्यानंही एक थापली. त्याची कडेला फाटली असती, पण मी काही बोललो नाही. पिशव्या सुटल्या.

घरी पोचलो तर दारात इहीणबाई. अमोलरावांची आई, शकुंतलाबाई. आमच्याकडं विहिणीला इहीण आणि व्याह्याला इवाई म्हणतात. सुनेचं बघायला म्हणून दोन महिन्यांपासून त्या तिथं होत्या. अंगानं काडी, पण आवाज असा की उदगीरच्या मोंढ्यात ओरडल्या तर देगलूरचे भाव उतरावेत.

"या इवाई. लई येळ लागला का?"

बायकोनं तोंड उघडू नका म्हणून सांगितलं होतं. पण आलेल्या माणसाला प्रवासाचं विचारल्यावर गप्प बसणं ही काय माणुसकी आहे? मी बसलो, पाणी प्यालो आणि सुरू झालो. विमान कसं वर गेलं, ढगात कसं अडकलं, पायलटनं कसा रस्ता सोडून आडमार्गानं घेतलं, निम्मे लोक कसे देवाचा धावा करत होते आणि मी एकटा कसा नोंदी करत होतो. "पाच तास!" मी वही काढून दाखवली. "पाच तासांत माणूस उठून उभा न्हाई राहिला."

प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं कपाळाला हात लावला.

इहीणबाईंनी वही हातात घेतली, लांब धरून वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "मंग झालं की. डॉक्टरीण म्हणली हाय, चार तासांच्या वर इमानात बसायचं न्हाई. पायाला सूज हाय पोरीच्या. तुमीच पाच लिवलंय. बाळंतपण हितंच व्हईल."

दुसरा दिवस: चढ आणि उतार

सकाळी अमोलरावांनी मला समजावलं. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं असतं. आपलं दहा ते इथलं तीन, असं वजा करायचं नसतं.

"मामा, तीन तास वीस मिनिटंच लागले तुम्हाला."

"मग माझा दीड तास कुठं गेला?"

"गेला नाही. जाताना परत मिळतो."

मला ते पटायला एक चहा लागला. परतीचं तिकीट त्यांनी दाखवलं: सकाळी पावणेआठला सुटणार, नऊ पंचावन्नला हैदराबाद. माझ्या रीतीनं दोन तास दहा मिनिटं. तिथं मात्र मी लगेच इहीणबाईंकडं गेलो. खरं सांगायचं तर पूर्ण खरं सांगायची गरज मला दिसली नाही.

"इहीणबाई, येताना चढ व्हता. जाताना उतार हाय. दोन तास दहा मिन्टं फक्त."

त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येताना पाच, जाताना दोन. इवाई, स्टँडवर बी असंच लिवत होता का?"

अमोलराव मध्ये पडले. दीड तासाचं गणित त्यांनी कागदावर काढून आईला दाखवलं. खरा आकडा तीन तास चाळीस मिनिटं, जाताना वारा समोरून म्हणून येतानापेक्षा थोडा जास्त. कागद बघून त्या म्हणाल्या, "तू काय, बायकोच्या बाजूनं बोलणार. आन् ह्यांच्या तोंडाचं सोड. तुमच्या लग्नात ह्यांनी मला सांगितलं व्हतं, मांजरा नदीचा पूर एकट्यानं हात दाखवून थांबवला. तोंडाला लगाम न्हाई. पर वही खोटं बोलत न्हाई. वहीत पाच हाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि माझं ऐकणारं घरात कुणी नव्हतं.

दुपारी प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. पाय स्टुलावर, हातात कारळाची चटणी लावलेला धपाटा.

"पप्पा, मला आईजवळ जायचंय. आत्या वाईट न्हाईत. जीव लावतात. पण मला आई पाहिजे."

"मग सासूला सांग की."

"सांगून राहिले महिनाभर. त्यांच्याच हातनं 'जा' यायला पाहिजे पप्पा. त्यांचं मन मोडून गेले तर तिकडं मला झोप लागणार न्हाई."

रीतही तशीच आहे. मुराळी लेकीला उचलून आणत नाही. सासूनं तिच्या हातानं पाठवावी लागते.

तिसरा दिवस: दवाखाना

डॉक्टरीणबाई लहान चणीच्या, चेहऱ्यावर सतत अर्धं हसू. प्रज्ञा इंग्रजीत बोलली, मग मला म्हणाली, "वही दाखवा पप्पा." मी दाखवली. डॉक्टरीणबाईंनी आकडे बघितले, मोबाईलवर काहीतरी तपासलं आणि मोठ्यानं हसल्या. मग चिठ्ठी लिहिली. प्रवास चार तासांच्या आत, दर अर्ध्या तासानं उठून चालायचं, पाणी भरपूर, पायात घट्ट मोजे. सगळं ठीक आहे, जा म्हणाल्या.

चिठ्ठी आणून इहीणबाईंपुढं ठेवली. त्यांनी ती देव्हाऱ्यासारख्या जागी, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या पायाशी नीट ठेवली आणि भात लावायला गेल्या. ना हो, ना नाही.

त्या संध्याकाळी मी रुसून एकटाच फिरायला गेलो. गल्लीच्या तोंडाला एक बाई खलबत्त्यात कच्ची पपई कुटत होती. लसूण, लाल मिरची, शेंगदाणे, लिंबू. मी म्हटलं, हा तर आपला ठेचा, परदेशात येऊन फळाच्या नादी लागला. एक घास खाल्ला. पुढची दहा मिनिटं मला देगलूर, उदगीर आणि नांदेड तिन्ही एकदम दिसत होतं. बाईनं घाईघाईनं काकडी दिली. मी म्हटलं, "न्हाई बाई, आम्ही मराठवाड्याचे," आणि दुसरा घास खाऊन दाखवला. तो खायला नको होता.

चौथा दिवस: सकाळचा भात

या दिवसासाठी तरी बँकॉकला जावं, असं मी ज्याला त्याला सांगतो. पहाटे भगव्या चीवरातले भिक्खू अनवाणी गल्लीतून येतात, हातात पात्र. दारोदारच्या बाया वाकून भात घालतात. आमच्या वस्तीत पावसाळ्यात वर्षावासाच्या मुक्कामाला एखादे भंतेजी आले तर मंडप पडतो, माईक लागतो, मी भाषण करतो. इथं रोजचंच. दूधवाला यावा तसे भिक्खू येतात.

घरमालकीण साठीची बाई, तिला सगळे 'पा' म्हणतात, म्हणजे मावशी. ती आणि इहीणबाई शेजारी शेजारी गुडघ्यावर बसल्या होत्या. दोघींना एकमेकींची भाषा एका शब्दानं येत नव्हती. भिक्खूंनी पाली म्हणायला सुरुवात केली. उच्चार वेगळे, सूर लांब, पण त्रिशरण तेच. इहीणबाई बरोबर म्हणायला लागल्या, पा सुद्धा. मी मागं उभा राहून म्हणालो, आणि विशेष म्हणजे शेवटपर्यंत दुसरं काही बोललो नाही.

भिक्खू पुढं गेले. पा घरात गेली. इहीणबाई पायरीवरच बसल्या.

"बसा इवाई."

मी बसलो.

त्यांनी मनगट पुढं केलं. घड्याळात साडेचार वाजले होते. रस्त्यावर सहा.

"दोन महिने झाले, काटा हलवला न्हाई मी. उदगीरचीच येळ हाय. रोज धाकट्या लेकीला फोन करते, ती चहा ठेवती तवा माझी भांडी घासून झालेली असतेत. मला दीड तासाचं कळत न्हाई व्हय?"

"मंग पाच तास पाच तास करून का राहिल्या?"

"तुमचा आकडा मला लागत व्हता." त्या रस्त्याकडं बघत राहिल्या. "अमोलच्या आदी एक व्हती मला. सातवाच व्हता. पोटात दुखाया लागलं म्हणून उदगीरहून लातूरला निघालो. खिडकीतल्या साहेबाला इचारलं, किती येळ लागंल? तो म्हणला दोन तास, बिनघोर बसा. वाटंत गाडी बंद पडली. दुसरी येईस्तवर रस्त्याच्या कडंला बसून ऱ्हायलो. पाच लागले इवाई. लातूर आलं तवा सगळं सरलं व्हतं."

त्यांनी घड्याळाची काच पदरानं पुसली. "तवापासून कुणी मला वाटंचा आकडा सांगितला की मला त्याचा भरवसा वाटत न्हाई. चिठ्ठीत चार लिवलंय. तुमी तीन-चाळीस म्हणता. पर वर गेल्यावर काय, कुणाच्या हातात हाय?"

मी बत्तीस वर्षं खिडकीत बसलेला माणूस. किती बायकांना 'बिनघोर बसा' म्हणालो असेन, ते कुठल्याच वहीत नाही. एरवी अशा वेळी मी एखादी पुराची गोष्ट काढतो. त्या दिवशी निघाली नाही.

प्रज्ञा कधी दारात येऊन उभी राहिली कळलं नाही. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही चला सोबत. माझ्याशेजारी बसा."

"अगं येडी हायस का? सुनंच्या माहेरी सासू मुक्कामाला? कुणी केलंय असं? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघतो," मी म्हणालो. "मुराळी मी हाय. एकीला न्यायला आलो व्हतो, दोघींना नेतो. देगलूरचं घर लहान न्हाई. अठरा खोल्या हायेत."

"चार हायेत," प्रज्ञा म्हणाली.

इहीणबाई पहिल्यांदा हसल्या. "चारच असू द्या. आन् डिंकाचे लाडू तुमच्या बायकोनं लई गोड केलेत, हे तिला जाऊन तोंडावर सांगायचं हाय मला."

सातवा दिवस: उतरताना

पाचवा आणि सहावा दिवस तिसऱ्या तिकिटात आणि बॅगा भरण्यात गेले, ते सांगण्यासारखे नाहीत. पा सोडायला खाली आली आणि तिनं प्रज्ञाच्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला. इहीणबाईंनी तिला उरलेल्या पिठाची एक पिशवी दिली. त्या पिठाचं ती काय करणार होती, देव जाणे. मी हवेत भाकरी थापून दाखवली.

तिकिटाच्या काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी वाचली, प्रज्ञाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, इहीणबाईंकडं बघितलं आणि पुढची तीन आसनं दिली. इहीणबाईंच्या नजरेला कोण नाही म्हणणार?

विमान सात पन्नासला सुटलं. इहीणबाईंच्या घड्याळात सहा वीस. त्यांनी मनगट मांडीवर ठेवलं ते ठेवलंच. दर अर्ध्या तासानं "ऊठ गं" म्हणायच्या आणि दोघी मधल्या वाटेनं शेपटापर्यंत जाऊन यायच्या. सासू पुढं, सून मागं, पोट सांभाळत. बाकीचे प्रवासी पाय आत घेत. तिसऱ्या फेरीला तर लोक आधीच पाय उचलून बसले होते.

तीन तास झाले. साडेतीन झाले. खाली हिरवं-तपकिरी दिसायला लागलं, तलाव दिसले, मी म्हटलं आलं तेलंगण. तेवढ्यात पायलटचा आवाज: खाली उतरायला जागा मोकळी नाही, थोडा वेळ वरच थांबावं लागेल. विमान कलंडून वळलं. तोच तलाव पुन्हा दिसला. मग तिसऱ्यांदा. स्टँडवर जागा नाही म्हणून फाटकाबाहेर उभ्या केलेल्या गाड्या मी आयुष्यभर बघितल्या, पण त्या निदान जमिनीवर असायच्या.

तीन पंचावन्न. इहीणबाईंचे ओठ हलत होते. चार. त्यांनी प्रज्ञाचा हात धरला. प्रज्ञा म्हणाली, "आत्या, लाथ मारतंय बघा," आणि त्यांचा हात पोटावर नेऊन ठेवला. चार तास तीन मिनिटं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. आजवर कुठल्या गाडीची मी अशी वाट बघितली नव्हती.

चाकं टेकली तेव्हा त्यांच्या घड्याळात दहा अठ्ठावीस. चार तास आठ मिनिटं.

इहीणबाईंनी हात पोटावरून काढला नाही. विमान थांबलं, लोक उभे राहिले, वरचं सामान खाली आलं, तरी काढला नाही. मग आतून पुन्हा एक लाथ आली असावी, कारण त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चल ऊठ. पाय मोकळे कर."

देगलूरला पोचायला चार वाजले. मधे संगारेड्डीच्या पुढं थांबून प्रज्ञानं तीन इडल्या आणि सासूच्या ताटातला वडा खाल्ला. बायको दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. लेकीवरून ओवाळून टाकलं, मग सासूकडं बघितलं, क्षणभर थांबली आणि दुसरा तुकडा आणायला आत पळाली. इहीणबाईंवरूनही ओवाळलं. शेजारच्या चार खिडक्या उघडल्या, त्यांचं मी बघितलं.

आत येऊन बसल्या बसल्या बायकोनं पहिलं तेच विचारलं. फोनवर चार तासांची अट कळल्यापासून तिच्या जिवाला तोच घोर होता.

"येळ किती लागला हो? डॉक्टरीणबाईनं चार सांगितले व्हते. चारच्या आत आलात ना?"

विचारत होती ती माझ्याकडं बघून. माझं तोंड उघडलं, पण त्यातनं काय बाहेर पडणार होतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

"साडेतीन तास," इहीणबाई म्हणाल्या. आवाज एकदम सरळ, पापणी हलली नाही. "मी घड्याळ लावून बसले व्हते, इहीणबाई. तुमी बिनघोर ऱ्हावा."

बायकोनं श्वास सोडला. तरी सवयीप्रमाणे माझ्याकडं वळलीच. "खरं व्हय?"

"हाव," मी म्हणालो. "एक मिनिट जास्त न्हाई."